ग्रंथालय आणि इंटरनेट : विद्यार्थ्यांच्या संदर्भशोधाचा प्रश्न

पीण्या औद्योगिक क्षेत्र हे बंगळूरच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पसरलेले आहे. १९७० नंतरच्या दशकात ते वसविण्यात आले, आणि आज तेथे हजारो लहानमोठे कारखाने चालतात. लेथवर सुटे भाग कातणे, साचे व हत्यारे बनविणे, तयार कपडे शिवणे, धातूंवर निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा चढविणे अशी नाना प्रकारची कामे तेथे होतात. क्रोमचा मुलामा देण्यासाठी सामान्यतः जे द्रावण वापरतात त्यात षट्संयुजी क्रोमिअम असते. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते, पाण्याबरोबर जमिनीत दूरवर जाते आणि आरोग्यास घातक असते. सांडपाणी नीट शुद्ध न करता सोडले म्हणजे ते भूजलात उतरते; आणि पीण्या परिसरातील भूजलात ते सापडल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. तेव्हा त्या भागातील रसायनशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी हाच विषय निवडला तर त्यात नवल नाही.

असा विद्यार्थी आरंभी काय करील? तो मोबाईल काढील आणि पिण्याच्या पाण्यात क्रोमिअम किती चालते, असे विचारील. उत्तर क्षणात येईल : दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा आयएस १०५०० या भारतीय मानकातला आहे आणि तो खरा आहे. घोटाळा आकड्यात नाही. तो आकडा कशाचा, यात आहे. मानकाच्या १९९१ सालच्या आवृत्तीत ही मर्यादा षट्संयुजी क्रोमिअमला लावलेली होती. २०१२ सालच्या आवृत्तीत तीच मर्यादा एकूण क्रोमिअमला लावण्यात आली. समजा, एका कूपनलिकेच्या पाण्यात दर लिटरला ०.०४ मिलिग्रॅम षट्संयुजी आणि ०.०२ मिलिग्रॅम त्रिसंयुजी क्रोमिअम आहे. जुन्या आवृत्तीप्रमाणे हे पाणी या कसोटीस उतरते. नव्या आवृत्तीप्रमाणे बेरीज ०.०६ होते, म्हणून उतरत नाही. ज्याच्या हाती जुनी आवृत्ती लागली तो विद्यार्थी ‘पाणी मर्यादेत आहे’ असे लिहून मोकळा होईल. त्याचे पृथक्करण बिनचूक, त्याचा हिशेब बिनचूक, आणि तरीही निष्कर्ष चुकलेला. दोन्ही आवृत्त्यांत आकडा एकच असल्यामुळे त्याला शंका येण्यासही जागा राहत नाही. ज्या घरी ते पाणी भरले जाते त्या घरच्यांना मात्र या फरकाची किंमत द्यावी लागेल.

विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात बसावे की इंटरनेटवर शोधावे, हा वाद अलीकडे पुष्कळ ठिकाणी चालतो, आणि बहुधा तो चुकीच्या बाजूने सुरू होतो. वडीलधारी मंडळी म्हणतात की इंटरनेटने मुलांची वाचनाची सवय मोडली. मुले म्हणतात की जे खिशातल्या यंत्रावर मिळते त्यासाठी धुळीची कपाटे कोण उघडणार? दोघांचीही समजूत अशी की ग्रंथालय काय आणि इंटरनेट काय, ही माहितीची कोठारे आहेत आणि प्रश्न कोणते कोठार मोठे एवढाच आहे. तसे असते तर वाद केव्हाच मिटला असता, कारण मोठेपणाच्या बाबतीत इंटरनेटशी बरोबरी करणारे ग्रंथालय जगात नाही. परंतु वरील उदाहरणात विद्यार्थ्याला माहिती कमी पडली नव्हती. त्याला कमी पडली ती त्या माहितीचे वय आणि कूळ विचारण्याची सवय. हे विधान कोणी केले, केव्हा केले, त्यापूर्वी काय म्हटले जात होते आणि नंतर ते कोणी बदलले, एवढे प्रश्न जो विचारतो तोच शोध घेतो. बाकीचे केवळ उत्तर उचलतात.

पडद्यावर सर्व मजकूर एकाच वयाचा दिसतो. काल लिहिलेले आणि चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले यांचे अक्षर सारखेच ठसठशीत, पार्श्वभूमी सारखीच पांढरी. पुस्तकाला मात्र वय लपविता येत नाही. कागद पिवळा पडतो, बांधणी सैल होते, मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचे वर्ष छापलेले असते, आणि त्याच फळीवर शेजारी त्या विषयाची दुसरी पुस्तके उभी असतात. मराठी वाचकाला याचे घरचे उदाहरण देता येईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढील खंड कित्येक वर्षे एकामागून एक निघत राहिले. आज ते संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. परंतु छापील खंड हाती घेणाऱ्यास तो कोणत्या साली निघाला हे आपोआप कळत असे. एकेक नोंद सुटी वाचणाऱ्यास ते मुद्दाम शोधावे लागते. २००६ पूर्वी छापलेल्या खगोलशास्त्राच्या ग्रंथात प्लूटो हा नववा ग्रह म्हणून आला तर तो ग्रंथाचा दोष नव्हे. ग्रंथाचे वर्ष न पाहता ते वाक्य आजचे म्हणून उतरवून घेणाऱ्याचा तो दोष होय.

तथापि यावरून ग्रंथालयाचा पक्ष घेऊन उठावे असेही नाही. त्या विद्यार्थ्याने मोबाईल न काढता महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची वाट धरली असती, तर तेथे त्याला काय मिळाले असते? कदाचित १९९१ चीच आवृत्ती, पुठ्ठ्यात बांधून, क्रमांक घालून ठेवलेली. कारण एकदा विकत घेतलेले मानक पुन्हा विकत घेण्याची तरतूद पुष्कळ संस्थांच्या अंदाजपत्रकात नसते. फळीवरच्या पुस्तकाला आपले जन्मवर्ष सांगता येते, परंतु आपण केव्हा रद्द झालो हे सांगता येत नाही. त्या कामी इंटरनेटच हवे. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर कोणती आवृत्ती चालू आहे, तिला कोणती दुरुस्तीपत्रके जोडली आहेत, हे पाहता येते. २०१२ च्या आवृत्तीलाही पुढे अशी पत्रके निघालेली आहेत. विशेष असे की या ब्यूरोचे बंगळूर शाखा कार्यालय पीण्यातच, तुमकूर रस्त्यावर आहे. म्हणजे ज्या क्षेत्रातील पाण्याचा प्रश्न, त्याच क्षेत्रात मानकांचे दप्तर.

मानकांच्या बाबतीत इंटरनेटवर जुन्या प्रतींची एवढी गर्दी का, यालाही एक इतिहास आहे. पुष्कळ वर्षे भारतीय मानके किंमत देऊन घ्यावी लागत. जनतेच्या सुरक्षिततेचे नियम जनतेला विनामूल्य वाचता आले पाहिजेत, या आग्रहाने काही कार्यकर्त्यांनी मानकांच्या प्रती इंटरनेटवर ठेवल्या. अमेरिकेतील कार्ल मालमुद हे त्यांत प्रमुख. २०१५ साली त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही दाखल केली. आता ब्यूरोने विकसित केलेली मानके त्याच्याच संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. हे चांगलेच झाले. परंतु दरम्यान निरनिराळ्या वर्षांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी विखुरल्या, आणि शोधयंत्र त्यांतली कोणती पुढे करील याचा नेम नाही. द्वार खुले झाले की आत शिरलेल्याला वाट दाखविणारा कोणी लागतो; ते काम कोणाचे, हे कोणी ठरविले नाही.

बंगळूरला हे काम कोणाचे असते ते एका माणसाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. आयुष्याचा अखेरचा काळ त्यांनी बंगळूरला काढला. १९६२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र तेथे सुरू झाले. मानक संस्थेच्या प्रलेखनविषयक समितीचेही ते अध्यक्ष होते. ग्रंथाचा किंवा लेखाचा संदर्भ कसा द्यावा, यासाठी या देशात १९६३ सालीच एक भारतीय मानक तयार झाले होते. चौथ्या सिद्धांताचा अर्थ मात्र आज उलटा लावला जातो. वाचकाचा वेळ वाचवावयाचा तो त्याने विचार करावा म्हणून. विचाराचाच वेळ वाचवावा असे रंगनाथनांना अभिप्रेत नव्हते. शोधयंत्राने पहिल्या अर्थाने त्यांची आज्ञा उत्तम पाळली आहे. दुसऱ्या अर्थाने ती पाळली जात असेल, तर दोष यंत्राला न देता शिक्षकाला द्यावयास हवा.

अपुऱ्या शोधाने काय घडू शकते याचे एक शोकजनक उदाहरण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडले. २००१ साली तेथे दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनिअम हे द्रव्य श्वासावाटे द्यावयाचे आणि श्वसनमार्गावर काय परिणाम होतो ते पाहावयाचे, असा तो प्रयोग. हे द्रव्य पूर्वी रक्तदाबावरील औषध म्हणून वापरात होते आणि पुढे मागे पडले होते. त्यापासून फुप्फुसांना काही इजा होते काय, हे पाहण्यासाठी संशोधकाने एक प्रमाणभूत पाठ्यपुस्तक आणि पबमेड ही इंटरनेटवरील वैद्यकीय सूची चाळली. त्या काळी पबमेडमधील शोध १९६६ पर्यंतच मागे जात असे. हेक्झामेथोनिअमने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० नंतरच्या दशकातले होते. ते नष्ट झालेले नव्हते. वैद्यकीय ग्रंथालयांत छापील रूपात होते, आणि जुन्या छापील सूच्यांतून त्यांचा माग काढता आला असता. प्रयोगात भाग घेतलेल्या चोवीस वर्षांच्या एका निरोगी तरुणीला खोकला सुरू झाला, फुप्फुसे निकामी होत गेली आणि २ जून २००१ रोजी ती मरण पावली. पुढे काही दिवस त्या विद्यापीठाचे सरकारी मदतीवर चालणारे माणसांवरील जवळजवळ सर्व प्रयोग थांबविण्यात आले.

केवळ शोध अपुरा राहिला म्हणूनच तो मृत्यू घडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रयोगाला मंजुरी देण्याच्या पद्धतीतही चौकशीत दोष आढळले. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. सूची कोठून सुरू होते हे पाहिल्यावाचून तीत काही सापडले नाही, एवढ्यावरून काही नाहीच, असा निष्कर्ष काढण्यात आला. ही चूक आळशी माणसाची नव्हे. ती अनुभवी, सुशिक्षित आणि उद्योगी माणसाची आहे, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांना ती आधी सांगावयास हवी. ‘सापडले नाही’ या वाक्याला ‘कोठे आणि कोणत्या वर्षांपर्यंत शोधले’ ही शेपटी जोडल्याखेरीज विज्ञानात अर्थ नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल एकस्व देण्यात आले. ज्या देशात बोट कापले की आई प्रथम हळदीचा डबा शोधते, त्या देशात ही बातमी चेष्टेचीच वाटली असती. पण एकस्वाच्या कचेरीत आईची साक्ष चालत नाही. तेथे छापील पुरावा लागतो. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हा दावा आव्हानित केला आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले ते मजकूर कोणी जपून ठेवले नसते, तर जगातील कोणतेही शोधयंत्र त्या प्रसंगी उपयोगी पडले नसते.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही, आणि तिचा उत्तरार्धच अधिक बोधप्रद आहे. प्रत्येक वेळी फळीवरचे पुस्तक काढून परदेशी न्यावे, हे शक्य नव्हते. म्हणून २००१ साली परंपरागत ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील योग पाच परदेशी भाषांत आणून, एकस्व तपासणाऱ्याला सापडतील अशा वर्गीकरणात बसविण्यात आले. येथे फळी आणि पडदा एकमेकांचे काम हिरावून घेत नाहीत. एकाने जपले, दुसऱ्याने सापडण्याजोगे केले, आणि मध्ये दोन्ही जाणणारी माणसे होती.

अलीकडे विद्यार्थी शोधयंत्रालाही फारसे विचारीत नाहीत. ते संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारतात, आणि ते यंत्र गुळगुळीत परिच्छेदात उत्तर देते. त्यात संदर्भ दिलेले असले तरी ते अस्तित्वात असतीलच असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून मांडले. त्यांच्यावर आणि त्यांच्या संस्थेवर मिळून पाच हजार डॉलरचा दंड बसला. खरे संदर्भही इंटरनेटवर टिकून राहतात असे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या संकेतस्थळांच्या दुव्यांपैकी सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर आता मिळत नाही, असे हार्वर्ड येथील अभ्यासकांना आढळले आणि त्यांनी ते २०१४ साली प्रसिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाची ही गत, तर पदविकेच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीची काय कथा!

मग विद्यार्थ्याला हे शिकवावयाचे कोणी आणि केव्हा? आज प्रकल्पाच्या शेवटी संदर्भांची यादी मागितली जाते आणि तिची लांबी पाहून गुण दिले जातात. त्याऐवजी एक पान असे मागावे की ज्यावर विद्यार्थी आपण कोठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, कोणत्या वर्षांपर्यंत मागे गेलो, कोणती आवृत्ती पाहिली आणि काय सापडले नाही, हे लिहील. हे पान खोटे लिहिणे कठीण असते आणि तपासणे सोपे. शिवाय प्रश्नच असे घालावेत की ज्यांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळू नये. आयएस १०५०० च्या १९८३, १९९१ आणि २०१२ या तीन आवृत्त्या घ्याव्यात, एकेका द्रव्याची मर्यादा कशी बदलली ते मांडावे, आणि प्रस्तावना वाचून बदल का झाला ते शोधावे. पीण्यातील विद्यार्थ्याला याहून चांगला पाठ कोणता? त्याला जुन्या प्रतीसाठी कपाट उघडावे लागेल आणि नव्या दुरुस्तीपत्रकासाठी संकेतस्थळ. ग्रंथपालाला वेळापत्रकात तास द्यावा, हेही यातच आले. आज पुष्कळ महाविद्यालयांत ग्रंथपालाचे काम पुस्तके देणे, परत घेणे आणि दंड वसूल करणे एवढ्यावर आणून ठेवले आहे. माणसाच्या विद्येचा इतका अपव्यय क्वचितच होत असेल.

यावर असे म्हटले जाते की सरकारने नियतकालिकांची सोय केलीच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तीत येतात, आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवलेले आहेत. योजना मोठी आहे आणि स्तुत्यही. पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी तिच्या बाहेर राहतो. कारखान्यात काम शिकणारा उमेदवार तर दूरच. पीण्यासारख्या ठिकाणी हा भेद डोळ्यांत भरतो. तेथे भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे उपग्रहांशी संपर्क राखणारे केंद्र आहे; २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा त्याचे नियंत्रण या केंद्राच्या बंगळूर येथील संकुलातून होत होते. तेथेच नेट्टूर तांत्रिक प्रशिक्षण प्रतिष्ठान आहे. १९५९ साली केरळात तलश्शेरीजवळ स्विस साहाय्याने ते सुरू झाले आणि हत्यारे व साचे बनविणारे कारागीर घडवीत आले. आणि तेथेच अशी असंख्य लहान शेड आहेत की जेथे गिऱ्हाइकाने दिलेले एक रेखाचित्र एवढाच काय तो लेखी कागद असतो. त्या शेडमधल्या मुलाला पोलादाचा प्रकार किंवा मुलाम्याची जाडी पाहावयाची झाली, तर मोबाईलवर जे पहिले उघडेल ते त्याचे ग्रंथालय.

या मुलाचा विचार कायद्याने केलेला नाही असे नाही. १९६५ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो, आणि कारखान्यांच्या इमारतीही मालमत्ता कर भरतात. तेव्हा पीण्यासारख्या क्षेत्रात पाळी सुटल्यानंतर रात्री उघडे असणारे, मानके आणि तांत्रिक कोष ठेवणारे, आणि ती चालू आहेत की रद्द झाली हे संगणकावर पाहून सांगणारा माणूस असलेले ग्रंथालय मागणे, ही भीक नव्हे. पीण्याला २०१४ पासून मेट्रो गाडी जाते. सायंकाळी सहानंतर तेथील फलाटावर उभ्या असलेल्या तरुणांची संख्या पाहिली तर वाचकांची वाण पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात परिस्थिती निराळी आहे. १९६७ च्या कायद्यात उपकराची तरतूद नाही. गावोगावची वाचनालये लोकांनी चालवावयाची आणि शासनाने त्यांना अनुदान द्यावयाचे, अशी येथील रीत आहे. भोसरी, सातपूर किंवा शिरोली येथील कारखान्यांत शिकणाऱ्या मुलाचा प्रश्न मात्र पीण्यातल्या मुलासारखाच आहे. तेथील वाचनालयांच्या चालकांना वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक संगणक, मानकांच्या जुन्या आवृत्त्यांचे एक कपाट आणि त्या दोहोंच्या मध्ये बसणारा एक तयार ग्रंथपाल, एवढ्यापासून आरंभ करता येईल. पहिले दोन विकत मिळतात. तिसरा तयार करण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि अनुदानाच्या अर्जात त्याच्या शिक्षणाच्या खर्चाची मागणी आधी नोंदवावी लागेल.